हंगामी शिपाई : प्रादेशिक सेनेचा इतिहास आणि आपला सीमाभाग



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ हे व्याख्यान दरवर्षी होते, त्यांनी आयुष्यभर इतिहास शिकवला. इतिहास म्हणजे सनावळ्यांचे पाठांतर नव्हे, आपल्या गावाच्या वेशीवरून जाणारी वाट कुठून आली आणि कुठे गेली हे विचारणे म्हणजे इतिहास, असा त्यांचा आग्रह असे. तो आग्रह ध्यानी धरूनच मी आजचा विषय निवडला आहे. बेळगाव-निपाणीच्या परिसरात फौजी माणूस नाही असे गाव शोधून सापडणार नाही. पण आपण फौजी म्हणतो तेव्हा डोळ्यांसमोर उभा राहतो तो पंधरा-वीस वर्षे नोकरी करून पेन्शन घेऊन परतलेला शिपाई. मला बोलायचे आहे ते दुसऱ्या प्रकारच्या शिपायाविषयी. हा एरवी शेतात, दुकानात, कारखान्यात वा रेल्वेत काम करतो, वर्षातून काही आठवडे गणवेश चढवतो आणि युद्धाची हाक आली की सारे सोडून निघतो. त्याला मी हंगामी शिपाई म्हणतो. त्याच्या सैन्याचे अधिकृत नाव प्रादेशिक सेना, आणि आपल्या लोकांच्या तोंडचे नाव टेरिटोरियल किंवा टी. ए.

शेतीचा हंगाम आणि मोहिमेचा हंगाम

अर्धवेळ शिपाईगिरी ही कल्पना मराठी मुलखाला नवी नाही. शिवकालीन लष्कराच्या शिस्तीचे जे वर्णन सभासदाने केले आहे त्यावरून दिसते की, पावसाळ्यात फौज छावणीला असे, दसऱ्याला कूच होई आणि सुमारे आठ महिने ती परमुलखात राही. दसऱ्याचे सीमोल्लंघन हा आज आपण सोने लुटण्याचा सण मानतो. त्याच्या मुळाशी मोहिमेचा मुहूर्त होता. खरिपाचे पीक हाती आले, नद्यांना उतार पडला, घोड्यांना चारा झाला की नांगराचा धनी भाला उचलीत असे. पुढच्या काळातही सरदारांच्या पथकांचा मोठा भाग अशाच माणसांचा असे. निपाणीचे सिद्धोजीराव निंबाळकर, म्हणजे आपण ज्यांना आप्पा देसाई निपाणकर म्हणून ओळखतो, ते पेशवाईच्या अखेरच्या पर्वातले असेच एक पथकवाले सरदार होते.

इंग्रजी अमलात हे चित्र पालटले. कंपनी सरकारला बारमाही, पगारी, कवायती शिपाई हवा होता. १७६८ मध्ये मुंबईच्या सैन्यात उभ्या राहिलेल्या पलटणींतून पुढे ‘जंगी पलटण’ व ‘काळी पाचवी’ ही नावे गाजली. शिपाईगिरी हा पूर्णवेळचा पेशा झाला आणि ज्याच्या हाती बंदूक नाही त्याला ती हाती घेण्याचा अधिकारही उरला नाही. शस्त्र बाळगणे हा नागरिकाचा हक्क की सरकारची मेहेरबानी, हा प्रश्न तेव्हापासून आपल्या मागे लागला. आजच्या विषयाचे मर्म या प्रश्नात आहे, असे मला वाटते.

१९१४ : गेलेले आणि आलेले

अर्धवेळ शिपायांची आधुनिक संघटना आधी इंग्लंडात उभी राहिली. तेथील युद्धमंत्री हाल्डेन यांनी १९०७ मध्ये कायदा करून घेतला आणि १ एप्रिल १९०८ पासून ‘टेरिटोरियल फोर्स’ अस्तित्वात आली. तिच्यात पायदळाच्या चौदा डिव्हिजन होत्या. कारकून, शेतमजूर, दुकानदार, शिक्षक असे लोक संध्याकाळी कवायत करीत आणि उन्हाळ्यात पंधरवड्याच्या शिबिराला जात. कायद्याने त्यांच्यावर बंधन होते ते फक्त मायदेशाच्या रक्षणाचे. परदेशी पाठवायचे तर प्रत्येक शिपायाची स्वतंत्र संमती घ्यावी लागे. हा संमतीचा मुद्दा श्रोत्यांनी ध्यानात ठेवावा. तो पुढे पुन्हा येणार आहे.

ऑगस्ट १९१४ मध्ये महायुद्ध पेटले. हिंदुस्थानातल्या कसलेल्या पलटणी रणांगणावर हव्या होत्या, पण येथल्या छावण्या रिकाम्या ठेवण्याची सरकारची तयारी नव्हती. तेव्हा लॉर्ड किचनेर यांनी टेरिटोरियल डिव्हिजननाच हिंदुस्थानात जाण्याची विचारणा केली. बहुसंख्य शिपायांनी संमती दिली. इंग्लंडच्या नैर्ऋत्येकडील परगण्यांतून उभी राहिलेली ४३ वी वेसेक्स डिव्हिजन ९ ऑक्टोबर १९१४ रोजी साउदॅम्प्टनहून निघाली व नोव्हेंबरात मुंबईस पोचली. पाठोपाठ ४४ वी होम काउंटीज आणि ४५ वी, म्हणजे दुसरी वेसेक्स, अशा आणखी दोन डिव्हिजन आल्या.

आता आपल्या बाजूचे पाहा. मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, जी सहावी पुणे डिव्हिजन पाठवण्यात आली तिच्यात तीन ब्रिगेड होत्या. सोळावी पुण्याची, सतरावी अहमदनगरची आणि अठरावी बेळगावची. या तिन्ही ब्रिगेडांत मिळून मराठ्यांच्या तीन पलटणी होत्या : सोळावीत ११७ वी, सतरावीत १०३ री आणि बेळगावच्या अठरावीत ११० वी. बेळगावच्या छावणीतली गोरी नॉरफोक पलटणही याच ब्रिगेडीबरोबर गेली. नोव्हेंबर १९१४ च्या पूर्वार्धात ही फौज शत अल-अरबच्या मुखाशी उतरली आणि २२ नोव्हेंबरला बसरा तिच्या हाती आले. म्हणजे ज्या पंधरवड्यात बेळगावची ब्रिगेड समुद्रापार गेली, त्याच पंधरवड्यात इंग्लंडचे अर्धवेळ शिपाई मुंबईच्या बंदरात उतरत होते. एकाने जागा सोडली आणि दुसऱ्याने ती भरली. त्यांच्यातला फरक मात्र मोठा होता. वेसेक्सच्या शिपायाला विचारून आणले होते. सहाव्या डिव्हिजनमधल्या आपल्या शिपायाला कोणी काही विचारले नव्हते, कारण भरतीच्या कागदावर अंगठा उमटवला तेव्हाच त्याचा होकार गृहीत धरला गेला होता.

त्या टेरिटोरियल डिव्हिजनचे पुढे काय झाले, हेही सांगितले पाहिजे. डिव्हिजन म्हणून त्या एकदाही लढल्या नाहीत. येथे उतरताच त्यांची विभागणी होऊन एकेक पलटण एकेका छावणीत गेली. कवायत शिकता शिकता पहारे द्यायचे आणि पलटणीतली चांगली माणसे मेसोपोटेमियाकडे रवाना करायची, असा त्यांचा क्रम राहिला. एकत्र शिकलेल्या, एकाच परगण्यातल्या माणसांची डिव्हिजन ही केवळ कागदावर उरली. तरीही त्यांतल्या काही पलटणी प्रत्यक्ष रणात उतरल्या. हॅम्पशायरची चौथी टेरिटोरियल पलटण मार्च १९१५ मध्ये बसऱ्यास पोचली आणि जुलैत नासिरियाच्या लढाईत लढली.

कूत : एकशे सत्तेचाळीस दिवस

जनरल टाउनशेंड यांच्या हाताखाली सहावी डिव्हिजन टायग्रिसच्या काठाने बगदादच्या रोखाने निघाली. नोव्हेंबर १९१५ मध्ये टेसिफोन येथे तिला जबर मार बसला आणि ती मागे फिरून कूत-अल-अमारा या नदीच्या वळणावरच्या गावात शिरली. ७ डिसेंबर १९१५ ला तुर्कांचा वेढा पक्का झाला. १४७ दिवस तो चालला. वेढ्यात मराठ्यांच्या तिन्ही पलटणी होत्या, आणि हॅम्पशायरच्या त्या टेरिटोरियल पलटणीचे मुख्यालय व एक कंपनीही होती. इंग्लंडमधला हंगामी शिपाई आणि दख्खनचा पेशेवर शिपाई एकाच खंदकात आले ते असे.

वेढ्यात तोफांपेक्षा भुकेने अधिक माणसे खचली. धान्य सरत आले तेव्हा घोडी व खेचरे कापण्यात आली. हिंदी शिपायांनी धर्मभावनेमुळे ते मांस दीर्घकाळ नाकारले. हिरव्या पाल्याअभावी स्कर्व्हीचा रोग पसरला. विमानांतून धान्याच्या गोण्या टाकण्याचा प्रयोग युद्धाच्या इतिहासात येथेच प्रथम झाला, पण तेवढ्याने हजारो माणसांची पोटे भरणे अशक्य होते. सुटकेसाठी पाठवलेल्या फौजेत डेव्हन व सॉमरसेटच्या टेरिटोरियल पलटणी होत्या. त्या फौजेने शेख साद, हन्ना, दुजैला व सन्नैयात येथे वारंवार हल्ले केले. तेवीस हजारांच्या आसपास माणसे पडली किंवा जायबंदी झाली. वेढा मात्र उठला नाही. २९ एप्रिल १९१६ रोजी टाउनशेंड शरण गेले. सुमारे तेरा हजार माणसे कैद झाली. अधिकारी वेगळे काढले गेले आणि शिपायांना वाळवंटातून पायी नेण्यात आले. हिंदी कैद्यांपैकी बहुतेकांना रास-अल-ऐनच्या बाजूला रेल्वेमार्गाच्या कामाला जुंपले. गोऱ्या शिपायांपैकी निम्म्याहून अधिक कैदेत मरण पावले. हिंदी शिपाईही मोठ्या संख्येने गेले.

येथे एक योगायोग नोंदवावासा वाटतो. कूत पडले त्याच्या आदल्याच दिवशी, २८ एप्रिल १९१६ ला, आपल्या बेळगावात मुंबई प्रांतिक परिषदेच्या निमित्ताने लोकमान्य टिळकांच्या होमरूल लीगची स्थापना झाली. ज्या गावाच्या नावाची ब्रिगेड परक्या साम्राज्यासाठी उपाशी मरत होती, त्याच गावात स्वराज्याची मागणी संघटित होत होती. या दोन घटनांचा कार्यकारणसंबंध मी जोडत नाही. पण त्या दोन्हींच्या मुळाशी प्रश्न एकच होता : रक्त द्यायचे ते कोणत्या नात्याने, प्रजा म्हणून की नागरिक म्हणून?

बंदुकीचा हक्क

टिळकांनी हा प्रश्न फार स्पष्टपणे ओळखला होता. १९१७ मध्ये सरकारने ‘इंडियन डिफेन्स फोर्स’चा कायदा केला. त्यात युरोपियनांवर सेवेची सक्ती होती. हिंदी लोकांना स्वेच्छेने येण्याची मुभा होती. विद्यापीठांच्या कंपन्याही तेव्हाच सुरू झाल्या. शाळा-महाविद्यालयांत आज जी एन. सी. सी. आहे तिचे हे पूर्वरूप. टिळकांनी तरुणांना त्यात सामील होण्याचे आवाहन केले, पण अट घातली की हिंदी माणसाला अधिकारपदाची सनद मिळाली पाहिजे. १९१८ मध्ये त्यांनी गांधीजींकडे पन्नास हजार रुपयांचा धनादेश पाठवला. सरकारकडून अधिकारपदांचे आश्वासन मिळवा, मी पाच हजार माणसे भरती करून देतो, न दिल्यास ही रक्कम जप्त करा, असा त्याचा आशय होता. गांधीजींनी तो धनादेश परत केला. देशरक्षणाच्या कामात सौदा नसावा, ही गांधीजींची भूमिका. हक्काशिवाय कर्तव्य म्हणजे वेठबिगार, ही टिळकांची. मला स्वतःला येथे टिळकांचे म्हणणे अधिक पटते.

या हक्काचा आणखी एक पदर आहे आणि तो आपल्या गावाशी थेट निगडित आहे. मुंबईच्या सैन्यात पिढ्यान्‌पिढ्या लढलेल्या महार समाजाची भरती एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात बंद करण्यात आली. शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० मध्ये त्याविरुद्ध अर्ज केला. युद्धाची निकड भासली तेव्हा १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभी राहिली आणि गरज सरताच १९२१ मध्ये मोडली गेली. दुसऱ्या महायुद्धात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न लावून धरला, आणि ऑक्टोबर १९४१ मध्ये महार रेजिमेंटची पहिली पलटण उभी राहिली ती बेळगावात. हंगामापुरती माणसे घ्यायची आणि हंगाम सरला की विसरायची, ही राज्यकर्त्यांची वृत्ती या इतिहासात जितकी उघडी पडते तितकी अन्यत्र क्वचितच पडेल.

टेरिटोरियल फोर्स ते प्रादेशिक सेना

१९२० मध्ये ‘इंडियन टेरिटोरियल फोर्स’चा कायदा झाला. युरोपियन व अँग्लो-इंडियन यांच्यासाठी ‘ऑक्झिलिअरी फोर्स’ ही निराळी संघटना होती. हिंदी लोकांसाठी ही. दोघांच्या दर्जात व सवलतींत भेद होता, आणि तो दूर करावा असा अभिप्राय १९२४ मध्ये नेमलेल्या शी समितीने दिला. १९२२ च्या पुनर्रचनेत मराठ्यांच्या पलटणी मिळून ‘पाचवी मराठा लाइट इन्फन्ट्री’ झाली. जुनी ११४ वी पलटण तिची दहावी, म्हणजे प्रशिक्षणाची पलटण, म्हणून बेळगावला आली आणि तेव्हापासून बेळगाव हे मराठ्यांचे लष्करी माहेरघर बनले. कूतमधल्या ११७ व्या पलटणीला ‘रॉयल’ हा किताब मिळून ती पाचवी झाली. नियमित पलटणींच्या पुढचा अकरावा क्रमांक टेरिटोरियल पलटणीचा असे. तिचे लोक वर्षातून सुमारे महिनाभर शिक्षण घेत व उरलेले अकरा महिने घरी असत. दुसऱ्या महायुद्धात या टेरिटोरियल पलटणींना पाचारण झाले; आधी पहाऱ्याची व अंतर्गत बंदोबस्ताची कामे आणि पुढे त्यांचे नियमित पलटणींत रूपांतर झाले.

स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या कायद्याने प्रादेशिक सेना नव्याने उभी राहिली. ९ ऑक्टोबर १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांनी तिचे उद्घाटन केले. तिचे बोधवाक्य ‘सावधानी व शूरता’. ९ ऑक्टोबर हा तिचा वर्धापन दिन. पस्तीस वर्षांपूर्वी याच तारखेला वेसेक्सचे शिपाई साउदॅम्प्टनहून निघाले होते, हा आणखी एक योगायोग.

तिची रचना थोडक्यात सांगतो. अठरा ते बेचाळीस या वयाचा, स्वतःचा कामधंदा असलेला नागरिक तिच्यात येऊ शकतो. ही नोकरी नव्हे, हे शासन स्वतःच बजावते. शिपाई प्रथम महिनाभर प्राथमिक शिक्षण घेतो आणि नंतर दरवर्षी सुमारे दोन महिने पलटणीत येतो. गरज पडली की सरकार पलटणीला सेवेत पाचारण करते. त्या काळात त्याला नियमित शिपायाएवढेच वेतन मिळते. गरज सरली की तो घरी. परतल्यावर त्याला त्याची मूळ नोकरी परत देणे मालकावर कायद्याने बंधनकारक आहे. पायदळाखेरीज रेल्वे, तेल-उद्योग यांसारख्या खात्यांतील कर्मचाऱ्यांच्या तुकड्याही तिच्यात आहेत. १९६२, १९६५ आणि १९७१ या तिन्ही युद्धांत प्रादेशिक सेनेच्या तुकड्या कामी आल्या. पुढे श्रीलंकेतील मोहीम, काश्मीर व ईशान्येतील बंदोबस्त आणि कारगिलचे युद्ध यांतही त्या होत्या. पूल, रेल्वेमार्ग, दारूगोळ्याची कोठारे राखण्याचे काम दिसायला बिनचमकीचे. परंतु एक हंगामी शिपाई पुलावर उभा राहतो तेव्हाच एक नियमित शिपाई पुढच्या खंदकात जाऊ शकतो.

आपल्या भागात कोल्हापूरला मराठा लाइट इन्फन्ट्रीची १०९ वी आणि बेळगावला महार रेजिमेंटची ११५ वी, अशा दोन प्रादेशिक पलटणी आहेत. जेथे १९४१ मध्ये महार रेजिमेंटला जन्म घ्यावा लागला, तेथेच आज तिची प्रादेशिक पलटण नांदते आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये बेळगावात झालेल्या भरतीला निरनिराळ्या राज्यांतून हजारो तरुण आले होते. मराठवाड्यात २०१७ मध्ये उभी राहिलेली महार रेजिमेंटची १३६ वी पर्यावरण पलटण तर झाडे लावण्याचे काम करते. मे २०२५ मध्ये पाकिस्तानशी संघर्ष उद्भवला तेव्हा केंद्र सरकारने लष्करप्रमुखांना प्रादेशिक सेना पाचारण करण्याचा अधिकार दिला आणि तिच्या ३२ पायदळ पलटणींपैकी १४ पलटणींना सेवेत आणण्यास मंजुरी दिली.

काही अडचणीचे प्रश्न

केवळ गौरव करून थांबणे हे गुरुजींच्या शिकवणीला धरून होणार नाही. पहिला प्रश्न पोटाचा. प्रादेशिक सेनेतल्या शिपायाला निवृत्तिवेतन मिळायचे तर प्रत्यक्ष सेवेत पाचारण झालेला काळ मिळून पंधरा वर्षे भरावी लागतात. हा काळ त्याच्या हाती नसतो. तो सरकारच्या गरजेवर अवलंबून असतो. शिवाय ‘ज्याचा स्वतंत्र कामधंदा आहे त्याने यावे’ ही मूळ कल्पना, आणि भरतीच्या मैदानावर येतो तो मुख्यतः बेकार तरुण. निपाणीच्या तंबाखूच्या शेतकऱ्याचा किंवा बेळगावच्या फाउंड्रीतल्या कामगाराचा मुलगा तिकडे धावतो तो फावल्या वेळेतली देशसेवा म्हणून नव्हे, भाकरीसाठी. त्याच्या देशप्रेमाविषयी मला तिळमात्र शंका नाही. पण कल्पना आणि वस्तुस्थिती यांतले हे अंतर शासनाने व समाजाने मान्य केले पाहिजे. कायद्याने नोकरी परत मिळते, हे वचन ज्याला मुळात नोकरीच नाही त्याच्या काय उपयोगाचे?

दुसरा प्रश्न निष्ठेचा. मे १९७४ च्या रेल्वे संपात प्रादेशिक सेनेच्या रेल्वे तुकड्यांना गाड्या चालवण्यासाठी पाचारण झाले. गणवेशातला माणूस आणि संपावरचा माणूस हे काल-परवापर्यंत एकाच शेडमधले सोबती होते. नागरिक आणि शिपाई या दोन भूमिका एकाच देहात नांदतात तेव्हा असा पेच कधीतरी येणारच. त्याचे सोपे उत्तर माझ्यापाशी नाही. पण मला वाटते, हा पेच ज्याला जाणवतो तोच खरा नागरिक-शिपाई. ज्याला तो जाणवतच नाही, तो निव्वळ हुकमाचा ताबेदार.

तिसरा प्रश्न समानतेचा. प्रादेशिक सेनेचे दार स्त्रियांसाठी पुरते उघडण्यास २०१८ मधला दिल्ली उच्च न्यायालयाचा निकाल व्हावा लागला. बंदुकीचा हक्क कोणाला, हा एकोणिसाव्या शतकातला प्रश्न एकविसाव्यातही वेगळ्या वेषात उभा राहतो तो असा.

आपले कर्तव्य

नियमित सैन्याचा इतिहास लिहिला जातो. त्याची संग्रहालये असतात. बेळगावच्या मराठा केंद्राचे संग्रहालय आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. हंगामी शिपायाचा इतिहास मात्र सहसा लिहिला जात नाही, कारण तो परत येतो आणि पुन्हा नांगर धरतो. वेसेक्स डिव्हिजनसारखी त्याची संघटना विखुरली जाते आणि तिच्याबरोबर आठवणीही विखुरतात. कूतला गेलेल्या आपल्या माणसांची नातवंडे-पतवंडे आजही या परिसरात असतील. त्यांच्या घरांत एखादे पदक ट्रंकेच्या तळाशी असेल, एखाद्या देवळाच्या ओवरीत नावांची पाटी असेल.

म्हणून माझी या शाळेला एक विनंती आहे. इतिहास मंडळाच्या विद्यार्थ्यांनी दर सुट्टीत आपापल्या गावातल्या माजी सैनिकांची, विशेषतः टी. ए. मध्ये गेलेल्यांची, माहिती टिपून घ्यावी : कोणत्या साली गेले, कोठे पहारा दिला, मागे शेत कोणी पाहिले, परतल्यावर काय मिळाले. मागे शेत कोणी पाहिले, हा प्रश्न मुद्दाम विचारावा. त्याचे उत्तर बहुधा एखाद्या स्त्रीचे नाव असेल, आणि ते नाव कोणत्याही पलटणीच्या दप्तरात सापडणार नाही. या वह्या शाळेच्या ग्रंथालयात जपल्या तर पन्नास वर्षांनी येथे बोलायला उभ्या राहणाऱ्या वक्त्याला परदेशी पलटणींच्या नोंदींतून आपल्या माणसांचा माग काढावा लागणार नाही.

 गुरुजींच्या स्मृतीला अभिवादन करून मी माझे भाषण पुरे करतो.